पोटरीतलं भात

वास आधी आला. आईचा बारावा होता. अंगणात चुलाण पेटलं होतं, त्यावर भाताचं मोठं पातेलं, आणि मी सोप्यात बसून ओल्या फडक्यानं पत्रावळ्या पुसत होते. वैशाखाचं ऊन, लाकडाचा धूर, मांडवाच्या तापलेल्या ताडपत्रीचा वास, दाटीवाटीनं बसलेल्या बायकांचा घाम, सगळं एकमेकांत मिसळलेलं. गल्लीतल्या काकांनी पातेल्यावरचं झाकण सारलं आणि त्या सगळ्याला बाजूला करत एक वास घरात शिरला. ओल्या केवड्यासारखा, मागं किंचित साजूक तुपाचा भास. लहानपणी सुगी झाल्यावर पहिल्यांदा शिजणाऱ्या नव्या भाताला यायचा, तो. काकांनी उलथनं तसंच हातात धरून विचारलं, “तांदूळ कुठला गे? वास काय सुटलाय!” मी म्हटलं, “घरचाच की.” आणि म्हणता म्हणता माझा हात पत्रावळीवर थांबला.

तीन दिवस आधी, दहाव्याच्या पिंडाला आणि बाराव्याच्या जेवणाला तांदूळ हवेत म्हणून माळ्यावरची भाताची पोती मीच खाली काढायला लावली होती. दोन मोठी, एक लहान. मोठ्या पोत्यांना सुतळी होती. लहान पोत्याचं तोंड आईच्या जुन्या शहापुरी लुगड्याच्या काठाची चिंधी फाडून बांधलेलं होतं, आणि गाठीत कडुनिंबाची वाळकी डहाळी खोचलेली. ती गाठ मी माझ्या हातानं सोडली. सोडताना बोटं जरा रेंगाळली, आईच्या हातची ही शेवटची गाठ, असं काहीतरी मनात आलंही. चिंधीची घडी करून मी पर्समध्ये ठेवली. पण सुतळी सोडून आईनं इथं चिंधी का बांधली असेल, हे काही मनात आलं नाही. तिन्ही पोती टेंपोत चढली, हलरला गेली, तांदूळ होऊन परत आली. ते लहान पोतं बियाण्याचं होतं. मार्गशीर्षात निवडून, वाळवून, राख चोळून ठेवलेलं बासमतीचं बी. रोहिणी नक्षत्र लागायला जेमतेम आठवडा उरला होता.

मला कुणी काही बोललं नाही. वहिनीच्या लक्षात आलं तेव्हा तिनं तोंडावर पदर धरला, एवढंच. दादा पंगतीत वाढत होता. त्याच्या कानात सांगितलं, तर तो बादली घेऊन जागच्या जागी उभा राहिला, मग पुढच्या पानावर भात घालून म्हणाला, “जाऊंदे गे. खाल्लं ते आपल्याच माणसांनी.” तो रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. दोनशेच्या आसपास माणसं जेवली, भाताचं नाव काढत हात धुवायला उठली, आणि मी त्या वासात उभी होते. बारा दिवसांत आईसाठीचं रडणं थोडं थोडं करून होत आलं होतं. त्या दुपारी न्हाणीचं दार लावून मी रडले ते निराळं होतं. आई गेली ती तिच्या वेळेला, ऐंशी उलटल्यावर, झोपेत. बियाणं मी घालवलं होतं.

ते बी म्हणायला आईचं. तिला ते आज्जीकडून आलेलं, आज्जीला तिच्या सासूकडून. आमच्या बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या शिवारात, तिकडं शहापूर-वडगाव, अनगोळ, धामण्याच्या बाजूला एकेकाळी बासमतीचा घमघमाट असायचा. मग इंटान नावाचं भात आलं, उतारा जास्त म्हणून शिवारभर पसरलं. बासमती उंच वाढतं, परतीच्या पावसात लोळतं, दाणा कमी पडतो. घरोघरी बासमती दहा-वीस गुंठ्यांवर आली, मग बांधालगतच्या पट्ट्यावर, मग सणापुरती, मग नाहीच. आईनं आपला विहिरीजवळचा दहा गुंठ्यांचा तुकडा सोडला नाही. कापणीच्या आधी ती एकटीच विळा घेऊन शेताच्या मधोमध जायची. कडेची लोंबी बियाण्याला घ्यायची नाही, शेजारच्या वाणाची भेसळ असते, हा तिचा नेम. कुणी बाई मागायला आली की शेर-दोन शेर बी पदरात घालायची, पैसे घ्यायची नाही. “बी इकायचं नसतंय,” म्हणायची, “लेकीगत द्यायचं असतंय, तवा ते वाढतंय.” आमच्या लग्नांत ती डोळ्यांतून टिपूस न काढता उभी राहिली होती, हे मला त्या वाक्यासोबत नेहमी आठवतं.

दोन दिवसांनी दादानं रयत संपर्क केंद्रातून इंटानचं बियाणं आणलं. विहिरीजवळच्या तुकड्यातही तेच पेरलं गेलं.

आमच्याकडची पेरणी धूळवाफेची. पाऊस यायच्या आधीच कुरीनं कोरड्या फुफाट्यात भात टाकायचं आणि वर बघत बसायचं. लहान असताना मला हे फार धाडसाचं वाटे. घरातलं चांगलं भात धुळीत पुरून माणसं निवांत जेवायला बसतात, कशी? मृग बरसला की आठ-दहा दिवसांत शिवार पोपटी होई. मी एकदा एक रोप उपटून बघितलं होतं. मुळाशी पेरलेला दाणा तसाच्या तसा चिकटलेला होता. चिमटीत दाबला तर आत काहीच नव्हतं, नुसतं टरफल आणि दुधासारखा एक थेंब. मी आईला विचारलं, यातलं भात कुठं गेलं? तिनं रोपाकडं बोट दाखवलं आणि मला धपाटा घातला, उपटल्याबद्दल. आज्जीच्या पदरातला एकही दाणा आईच्या पोत्यात नव्हता. दर वर्षी सगळे दाणे असे आतून रिकामे होत गेले होते. तरी ते “आज्जीचं बी” होतं. भात आपल्याच परागानं दाणा धरतं, त्यामुळं नीट जपलं तर तोच आकार, तीच चव, तोच वास पुढच्या वर्षी परत येतो. काय उतरत आलं होतं मग, सासूकडून सुनेकडं? दाणा तर नाही. आणि जे काही उतरत होतं ते हलरच्या एका फेरीत थांबलं, हेही तितकंच खरं.

तिसऱ्या दिवशीचं रक्षाविसर्जन आम्ही असोग्याला केलं होतं, मलप्रभेत. हल्ली पुष्कळ घरांत राख आपल्याच शेतात टाकून वर आंब्याचं नाहीतर नारळाचं रोप लावतात, दादाचंही तेच मत होतं. पण आईचं माहेर जांबोटीच्या बाजूचं. मलप्रभा ही तिची माहेरची नदी, आणि माहेरची गोष्ट निघाली की आई शेवटपर्यंत हट्टी होती. म्हणून खानापूर गाठलं. वैशाखातली नदी म्हणजे खडकांच्या खळग्यांत साचलेले डोह. एका डोहातून दुसऱ्यात पाणी जातंय की नाही, ते कान देऊन ऐकावं लागतं. दादानं मडकं पालथं केलं. राख पाण्यावर पसरली आणि तिथंच राहिली. झेंडूची एक पाकळी स्वतःभोवती अर्धा फेरा फिरली, थांबली. खालून बारीक मासोळ्या वर आल्या, तोंड लावून बघून गेल्या. काठावर कुणीतरी म्हणालं, चला, मागं वळून बघायचं नाही. मी बघितलं. करडा तवंग होता तसाच होता, त्यात देवळामागच्या झाडाची सावली पडलेली.

ती राख वाहिली नाही, हे माझ्या डोक्यातून जाईना. रात्री घरात गरुडपुराण वाचलं जायचं. लहानपणी त्यातल्या यातनांची वर्णनं ऐकून मी आज्जीच्या कुशीत शिरायचे. या खेपेला कान लागला तो वाटेच्या वर्णनाकडं. गेलेल्या जिवाला यमाच्या नगरीपर्यंत चालायला जवळजवळ एक वर्ष लागतं, वाटेत सोळा गावं लागतात, आणि ठरलेल्या मुक्कामांवर त्याला घरच्यांनी घातलेल्या मासिक पिंडांचा आधार होतो. त्याआधी पहिल्या दहा दिवसांत त्याला शरीर मिळायला हवं. एकेका दिवसाच्या पिंडानं एकेक अवयव घडतो. पहिल्या दिवशी मस्तक, मग डोळे-कान-नाक, मग मान-खांदे, असं खाली खाली उतरत, आणि दहाव्या दिवशी भूक आणि तहान. अंग पुरं होतं ते भुकेनं, हे मी पहिल्यांदा नीट ऐकलं. आणि तो पिंड असतो भाताचा.

आईच्या दहाव्याला कावळा थांबला नव्हता. पिंड ठेवून आम्ही दहा पावलं मागं सरतो न सरतो तोच आला, एक घास उचलून समोरच्या आंब्यावर जाऊन बसला. “आईचं मागं काय ऱ्हायलं न्हाई,” दादा म्हणाला, आणि सगळ्यांच्या खांद्यांवरचं ओझं उतरलं. बाराव्याच्या दुपारी पातेल्याचा तो वास आला तेव्हा कळलं, दहाव्याचा पिंडही त्याच तांदळाचा होता. नदीकाठच्या धुरात वास समजला नव्हता इतकंच. आईनं आपल्या हातानं निवडलेलं बी, तिच्याच अंगातली शेवटची भूक-तहान घडवायला गेलं. हे चांगलं झालं की वाईट, ते मला आजही ठरवता येत नाही. कधी वाटतं तिचं तिला पोचलं. कधी वाटतं, तिनं आयुष्यभर पेरणीसाठी बाजूला ठेवलेल्या पोत्यातून कधी मूठभर शिजवून खाल्लं नव्हतं, आणि आम्ही तेच तिला वाढलं.

कावळ्याबद्दल एक सांगावंसं वाटतं. दर भाद्रपदात फोनवर फिरत येतं की पितृपक्षात कावळ्याला घास ठेवायचा तो त्याची पिल्लं तेव्हा लहान असतात म्हणून. आमच्या परसातल्या आंब्यावर कावळ्याचं घरटं मी उन्हाळ्याच्या शेवटाला आणि पावसाच्या तोंडाला बघत आले आहे; कोकिळेची लबाडीही त्याच दिवसांतली. भाद्रपदापर्यंत पिल्लं उडून मोकळी झालेली असतात. आपण कावळ्यापुढं भाताचा घास ठेवून हात जोडून उभे राहतो तेव्हा डोळ्यांत जे पाणी असतं, त्याला असल्या कारणाचा टेकू द्यावा असं मला कधी वाटलं नाही.

आमच्या बांधाला बांध लागून लिंगायतांचं शेत आहे. त्या घरची अज्जी आईच्या वयाची, दोघींनी एका विहिरीवर धुणं धुतलं, एकीनं कानडीत बोलायचं, दुसरीनं मराठीत, पन्नास वर्षं. ती भेटायला आली, माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मी तिला राख डोहात थांबल्याचं सांगितलं. ती म्हणाली, “एल्लि होगताळव्वा? इल्ले मण्णाग अदाळ.” जाते कुठं, इथंच मातीत आहे. त्यांच्यात जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात, कपाळाला विभूती, सोबत बेलपत्रं, आणि मातीत ठेवतात. माणूस लिंगैक्य झाला, आता त्याला कुठली वाट चालायची नाही. तिच्या नवऱ्याची समाधी त्यांच्या शेताच्या कोपऱ्यातच आहे, तिथं ती रोज फूल वाहते आणि मग खुरपायला लागते. दुसऱ्याच दिवशी माझी निपाणीकडची जैन मैत्रीण आली. तिनं तर मला हादरवलंच. त्यांच्यात पिंड नाही, कावळा नाही, वाट बघणं नाही. जीव एक शरीर सोडतो आणि पापणी लवायच्या आत पुढचं धरतो. “अगं, तुझी आई आतापर्यंत कुणाच्या तरी पोटात रुजलीसुद्धा असेल,” ती अगदी सहज म्हणाली. आम्ही शाळेत असताना बेळगावच्या किल्ल्यातली १२०४ सालची कमल बस्ती बघायला जायचो, छतातलं दगडी कमळ मान दुखेपर्यंत बघायचो. त्याच्या ७२ पाकळ्यांवर होऊन गेलेले, असलेले आणि व्हायचे असलेले असे तिन्ही काळांतले चोवीस-चोवीस तीर्थंकर आहेत, हे तिनंच मला तेव्हा सांगितलं होतं. एका शिवारातली, एका शाळेतली माणसं आम्ही. एकीची आई मातीत, एकीची पुढच्या जन्मात, माझी अजून वाटेवर. त्या आठवड्यात तिन्ही गोष्टी मला खऱ्या वाटत होत्या, आणि तिन्हींतली एकही पुरत नव्हती.

जेठात, पावसाची वाट बघण्याच्या दिवसांत, मी छांदोग्य उपनिषदाचं मराठी भाषांतर घेऊन बसले. त्यात श्वेतकेतूची कथा आहे. शिकून आलेला तरणा मुलगा राजसभेत जातो आणि प्रवाहण राजा त्याला पाच प्रश्न विचारतो. माणसं इथून कुठं जातात? परत कशी येतात? देवांची वाट आणि पितरांची वाट कुठं फुटते? इतके लोक जातात तरी ते पलीकडचं जग भरून कसं जात नाही? आणि पाचव्या आहुतीला पाण्याला माणूस हे नाव कसं मिळतं? मुलाला एकही उत्तर येत नाही. तो चिडून बापाकडं येतो, मला का शिकवलं नाही म्हणतो. बाप म्हणतो, मलाच यातलं काही माहीत नाही, माहीत असतं तर तुला सांगितलं नसतं का? आणि तो म्हातारा विद्वान उठून स्वतः राजाकडं शिकायला जातो. मला तो बाप फार आवडला. मग राजा सांगतो ती पितरांची वाट: धुरातून रात्रीत, रात्रीतून वद्य पक्षात, तिथून दक्षिणायनाच्या सहा महिन्यांत, पितृलोकात, आकाशात, चंद्रावर. पुण्य सरलं की जीव आल्या वाटेनं खाली येतो. आकाश, वारा, धूर, धुकं, ढग. ढग होऊन बरसतो. आणि मग जमिनीवर काय होऊन उगवतो, याची त्यात यादीच आहे. जव, वनस्पती, झाडं, तीळ, उडीद. पण यादीतलं पहिलं नाव व्रीही आहे.

व्रीही म्हणजे भात.

तिथून सुटणं मात्र फार अवघड, असंही राजा सांगतो. कुणीतरी तो दाणा खायला हवा, खाणाऱ्याच्या देहात तो बीज व्हायला हवा, तेव्हा पुढचा जन्म. आमच्या शिवारात बसून हे वाचणाऱ्या बाईला यातलं काय काय दिसलं असेल, ते मला कसं सांगायचं कळत नाही. भातखाचरं भरून उभी राहतात, कापली जातात, मळली जातात, बाजारात जातात, पंगतीत वाढली जातात. कुणाच्या पानात कोण येऊन पडतं? माझ्या सासरी जेवताना पानात शीत टाकलेलं चालत नसे, माहेरीही नाही. “अन्न टाकू नये” एवढंच कारण दोन्हीकडं सांगत. ते वाचल्यावर आठवडाभर मी पानातलं शेवटचं शीत बोटानं टिपून घेत होते, आणि दर वेळी बाराव्याची पंगत आठवत होती. ती दोनशे माणसं. आईच्या बियाण्याचं काय झालं, याचं एक उत्तर त्या पोथीत होतं. मी ते मनाला लावून बघितलं. थोडं लागलं. पण मला माहीत होतं की आई माळकरी होती. तुकोबांनी मुक्ती नको, गर्भवासी सुखानं घाल, असं मागितलं ते कीर्तनाच्या शेवटी तीही सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत मागायची. तिला परत यायचंच होतं. आपल्या घरी, आपल्या माणसांत यायचं होतं. आणि राजानं सांगितलेल्या वाटेवर पाऊस कुठल्या खाचरात पडेल, याची काही सोय नाही.

आजोळच्या रानात मी एकदा कळकाचा फुलोरा बघितला होता, आठ-नऊ वर्षांची असताना. कळक चाळीस-पन्नास वर्षांतून एकदा फुलतो, आणि फुलला की अख्खं बेट वाळतं. त्या उन्हाळ्यात जांबोटीच्या आसपासची बेटं पानं गाळून नुसत्या तुऱ्यांनी भरली होती, भाताच्या लोंब्यांसारखेच तुरे, वारा आला की खाली सर सर दाणे. आजोळच्या आज्जीनं बेटाखालची जमीन शेणानं सारवली होती, अंगण सारवावं तशी, आणि सकाळ-संध्याकाळ ती दाणे झाडून आणायची. त्याचा भात आम्ही खाल्ला, गव्हाच्या लापशीसारखा लागायचा. पण आज्जी खूश नव्हती. कळक फुलला की उंदीर वाढतात, दुष्काळ येतो, असं जुनी माणसं म्हणत. पुढच्या वर्षी गेले तर बेटं राखाडी पडून एकमेकांवर कोसळलेली, आणि पावसानंतर त्यांच्या बुडाशी गवतासारखं बारीक काहीतरी दाट उगवलेलं. मी त्यावर पाय ठेवणार तेवढ्यात आज्जी ओरडली, “बघून चाल, कळकं हाइत ती.” तिनं तिच्या जन्मात तो एकच फुलोरा बघितला. मी आता पन्नाशी ओलांडली आहे. त्या गवताची बेटं झाली, त्यांतली काही तोडून माझ्या मामेभावानं घराचे वासे केले. ती कधीही फुलतील. त्या वर्षी तिथं मी असेन, आज्जी नसेल, आई नसेल. झाडाची फेरी पुरी होते तेव्हा बघणारं माणूस बदललेलं असतं, आणि मला हे कळकाचं सगळ्यांत जास्त सलतं.

आषाढात बेळगावहून कणकुंबीची बस धरली. कुणाला सांगितलं नाही. जांबोटी मागं पडली आणि धुक्यात रस्ता दिसेना. कणकुंबीला माउलीच्या देवळाशी मलप्रभेचा उगम आहे. पाऊस असा की छत्री नुसती हातात धरायची वस्तू. देवळाच्या ओसरीत एक शेतकरी घोंगडं पिळत होता, त्याच्याशी बोलत बसले. तो म्हणाला, इथल्या एका टेकाडावर पडलेला पाऊस या अंगाला आला तर मलप्रभा, त्या अंगाला गेला तर म्हादई. इकडचा पूर्वेला जातो, कृष्णेतून थेट बंगालच्या उपसागरात. तिकडचा गोव्यात उतरतो, अरबी समुद्रात. हे मी भूगोलात शिकलेच होते. त्या ओसरीत बसून ते पाण्याच्या आवाजासकट कळलं. हा पाऊस येतो अरबी समुद्रावरून, चोर्ला घाट चढून. त्यातलं काही पाणी आल्या घरी परततं, आणि काही मात्र कधीच न बघितलेल्या दुसऱ्याच समुद्राला जाऊन मिळतं. शाळेत फळ्यावर बाणांनी काढलेलं जलचक्र किती गोल असायचं. समुद्र, वाफ, ढग, पाऊस, नदी, समुद्र. तो शेवटचा समुद्र पहिलाच आहे, हे आम्ही धरूनच चालायचो.

येताना असोग्याला उतरले. डोह नव्हतेच. तांबडं पाणी देवळाच्या पायऱ्यांशी घुमत होतं, त्यात झाडाची एक अख्खी फांदी पानांसकट गेली. राख केव्हाच गेली असणार, मृगाच्या पहिल्या पुरातच. मी उभी राहून ती कुठंवर गेली असेल त्याची गावं मोजली. नविलतीर्थाचं धरण, सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगराजवळचं. तिथं ती थांबली असेल. पुढं नदीनंच गेली तर पट्टदकल, ऐहोळे, आणि सुमारे ३०० किलोमीटर चालून झाल्यावर कूडलसंगम, जिथं बसवण्णा ऐक्य झाले आणि मलप्रभा कृष्णेत शिरते. माझ्या शेजारच्या अज्जीच्या देवाचं गाव. कालव्यानं गेली तर नवलगुंद-नरगुंदच्या काळ्या रानात, मिरचीला नाहीतर जोंधळ्याला. आणि धरणातलंच पाणी हुबळी-धारवाडला नळानं जातं. धारवाडला माझी मावशी आहे, आईची धाकटी बहीण, गुडघ्यांमुळं बाराव्याला येऊ शकली नाही म्हणून फोनवर रडली होती. नदीकाठी मला ती एकदम आठवली, तिच्या ओट्यावरचा पितळी तांब्या आठवला. माझ्या अंगावर काटा आला, आणि त्यात भीती अजिबात नव्हती.

वहिनीनंच पहिल्यांदा बघितलं. हलरला नेताना लहान पोतं उंदरानं कुरतडलेल्या जागी फाटलेलं होतं, अंगणातून टेंपोपर्यंत ओढताना थोडे दाणे सांडले असावेत. मृगाच्या पावसानं न्हाणीच्या सांडपाण्याच्या कडेला, गवताच्या गंजीजवळ, भाताची सहा-सात रोपं एका रेषेत उगवली. मी आषाढात गेले तेव्हा ती वीतभर होती. मी खाली बसून बघत राहिले तर दादा मागून म्हणाला, “काय हुडकालीस? इंटान असंल ते. गंजीतलं पडलंय. न्हाईतर देवभात.” त्याचं बरोबर असू शकतं. मोठ्या पोत्यांतही इंटानच होतं, गंजीतही तेच. आणि देवभात, ते खाचरात कुणी न पेरता येणारं रानटी भात, कोवळेपणी ओळखूच येत नाही. जाणत्यालाही लोंबी बाहेर पडेपर्यंत थांबावं लागतं. वहिनीनं ती उपटली नाहीत. मी दर पंधरवड्याला येळ्ळूरला जायला लागले, काहीतरी निमित्त काढून.

यंदा घरात म्हाळ नव्हता. वर्षश्राद्ध होईपर्यंत आमच्याकडं म्हाळ घालत नाहीत. आई अजून पितरांत गेलेली नाही, ती वाटेवर आहे. गल्लीत घरोघरी खीर-वड्यांचा, अळूच्या भाजीचा वास, कौलांवर कावळ्यांची गर्दी, आणि आमच्या घरी रोजचा स्वयंपाक. सर्वपित्री अमावास्येला सकाळीच मी गेले. शिवारभर भात पोटरीला आलेलं. गंजीजवळची रोपं कमरेएवढी झाली होती, इंटानपेक्षा उंच वाटली, पण सांडपाण्यावर वाढलेलं काहीही उंच होतंच. शेवटच्या पानाखालचा दांडा फुगला होता. मी दोन बोटांत धरून हलकेच दाबला. आत लोंबी होती, मऊ, गुंडाळलेली. भाताची फुलं सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला उघडतात आणि तास-दीड तासात मिटतात, बासमती असेल तर तेव्हा वास कळतो, त्याला अजून आठ-दहा दिवस तरी होते. तरी मी नाक लावून बघितलं. ओल्या पानांचा वास आला, शेजारच्या शेणकुडाचा आला.

उठताना लक्षात आलं, रोपांभोवती बाभळीच्या काट्यांचं गोल कुंपण केलेलं आहे, नीट, एकात एक फांद्या अडकवून. मागच्या वेळी ते नव्हतं. वहिनीला विचारलं. “तुझ्या दादानं केलंय की,” ती भांडी घासता घासता म्हणाली, “कोंबड्या शिरालत्या म्हणून.”

दादा तेव्हा शेतात गेला होता. मी त्याची वाट न बघता दुपारच्या बसनं परत आले. चिंधी अजून माझ्या पर्समध्ये आहे.